विध्यर्थी विद्यार्थी

तालुक्याच्या कचेरीत चौतीस वर्षे चाकरी करून, आणि त्यांपैकी अखेरची नऊ वर्षे अव्वल कारकुनाच्या खुर्चीवर काढून, सन्मानाने सेवानिवृत्त झालेल्या गृहस्थाने उर्वरित आयुष्यात काय करावे, याविषयी आपल्या समाजाच्या अपेक्षा माफक आहेत. त्याने पहाटे फिरावयास जावे, वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचावे, नातवंडांना शाळेत पोचवावे आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत हिशेबावर एखादा आक्षेप घ्यावा, म्हणजे समाजाचे समाधान होते. जावे, वाचावे, पोचवावे, घ्यावा ही सगळी क्रियापदे विध्यर्थी आहेत, आणि निवृत्त माणसाचे आयुष्य मुख्यत्वे या एकाच अर्थात चालते, हे सत्य मला फार उशिरा, आणि तेही परभाषेच्या द्वारे, उमगले.

त्यास कारण झाली माझी नात. माझी एकुलती मुलगी जावयांच्या नोकरीनिमित्त माद्रिद येथे स्थायिक झाली आहे. तिची चार वर्षांची कन्या माझ्याशी फोनवर मराठीत बोलते आणि आपल्या बाहुलीशी स्पॅनिशमध्ये. एके दिवशी माझ्याशी बोलता बोलता ती बाहुलीकडे वळली, तिच्या कानात काही गोपनीय मजकूर सांगितला, आणि माझ्याकडे पाहून मनसोक्त हसली. तालुक्यातला एकही कागद ज्याच्या नजरेखालून गेल्याविना पुढे सरकला नाही, त्या माणसाच्या समक्ष, त्याच्याचविषयीचा शेरा त्याला न समजणाऱ्या भाषेत मारला जावा, ही गोष्ट माझ्या प्रकृतीला मानवणारी नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी पुण्यातील एका शिकवणीत नाव दाखल केले. वर्गात माझ्यासह बावीस विद्यार्थी होते. उरलेल्या एकवीस जणांच्या वयाची सरासरी काढली असती तर ती माझ्या सेवाकालापेक्षा कमीच भरली असती. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीहूनही धाकट्या. मी त्यांना 'बाई' म्हणे, त्या मला 'काका' म्हणत, आणि या दुहेरी आदरापोटी माझ्या चुका वर्गात किंचित हलक्या आवाजात सांगितल्या जात.

पहिले सहा महिने सुखाचे गेले. तीन लिंगांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला दोनच लिंगांची भाषा म्हणजे शेतसाऱ्यात मिळालेली सूटच. क्रियापदांची कुळेही तीनच: आर-कारान्त, एर-कारान्त आणि इर-कारान्त. त्यांचे नमुने म्हणून 'आब्लार' म्हणजे बोलणे, 'कोमेर' म्हणजे खाणे आणि 'बिबिर' म्हणजे जगणे, ही तीन क्रियापदे नेमलेली असतात. बोलावे, खावे आणि जगावे, एवढ्यात बहुतेक माणसांचा संसार आटोपतो, हे व्याकरणकारांनी ओळखलेले पाहून त्यांच्या व्यवहारज्ञानाविषयी माझा आदर वाढला. तो बोलतो, 'आब्ला'. तो खातो, 'कोमे'. तो जगतो, 'बिबे': इतका सरळ कारभार होता.

सातव्या महिन्यात बाईंनी फळ्यावर 'सुबखुन्तिबो' असा शब्द लिहिला, आणि वर्गातून एक सामुदायिक सुस्कारा निघाला. शेजारच्या मुलाने मला माहिती पुरवली की, बहुसंख्य विद्यार्थी या मुक्कामावर गाडीतून उतरतात आणि पुढे गिटार शिकू लागतात. बाईंनी समजावून सांगितले: आजवर तुम्ही जी क्रियापदे चालवली ती वस्तुस्थिती सांगणारी होती, यापुढची क्रियापदे इच्छा, विनंती, शंका, नकार, आशा आणि भावना यांच्या पाठीमागून येणारी आहेत. "म्हणजे काका, जे घडलेलं नाही, पण घडावं असं वाटतं, किंवा घडेल की नाही अशी शंका आहे, त्याचं हे रूप."

वर्गाच्या चेहऱ्यावर अंधार होता. माझ्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. ही तर आमची कचेरी! प्रत्येक कचेरीत दोन दफ्तरे असतात. एकात नोंदी: अमुक इसम अमुक गावी राहतो, अमुक जमीन कसतो, सही, शिक्का, निकाल. दुसऱ्यात अर्ज: अर्जदारास जमीन मिळावी, हद्द मोजून द्यावी, साऱ्याची तहकुबी व्हावी. नोंदीच्या दफ्तरात क्रियापदे स्वार्थी असतात, अर्जांच्या दफ्तरात विध्यर्थी. (आमच्या जुन्या व्याकरणात वस्तुस्थिती सांगणाऱ्या रूपाला 'स्वार्थ' म्हणतात आणि परोपकारी इच्छा 'विध्यर्थात' जाते, हा शब्दांचा न्याय मला नेहमीच मार्मिक वाटत आला आहे.) 'मला वाटते तो स्पॅनिश बोलतो' यात वाटणाऱ्याने जबाबदारी घेतलेली असते, म्हणून 'आब्ला', 'तो स्पॅनिश बोलतो असे मला वाटत नाही' म्हटले की नोंद रद्द होते, कागद अर्जांच्या फायलीत जातो, आणि 'आब्ला'चे 'आब्ले' होते. 'तू पोचशील तेव्हा जेव' यात पोचण्याची तारीख अजून उजाडलेली नाही, म्हणून तिथेही विध्यर्थच. चौतीस वर्षे ज्या तत्त्वावर मी कागद वेगळे केले, त्याच तत्त्वावर एक अख्खी भाषा चालते, हे पाहून मला निवृत्तिवेतनात वाढ झाल्याचा आनंद झाला.

तो आनंद आठवडाभर टिकला. पुढल्या सोमवारी बाईंनी वाक्य दिले: 'तू इथे राहतोस याचा मला आनंद वाटतो.' मी 'राहतोस' हे नोंदीच्या वहीत घातले, कारण तो इथे राहतो हे सिद्ध आहे, त्याबद्दल आनंदही झालेला आहे. बाईंनी तांबडी रेघ मारली. मी रीतसर आक्षेप घेतला की, निकाल लागलेले प्रकरण पुन्हा अर्जात कसे घालता? बाई म्हणाल्या, "काका, आनंद झाला की वस्तुस्थिती मागे पडते, तुम्ही बातमी सांगत नाही आहात, मन सांगताहात." मी विचार केला, आणि मान्य केले. नोंद वेगळी आणि नोंदीवर मारलेला शेरा वेगळा. शेऱ्यात साहेबांचा राग-लोभ उतरलेला असतो, आणि तो कधीही वस्तुस्थिती म्हणून ग्राह्य धरू नये, हे मला कुणी शिकवायला नको होते.

आता रूपांविषयी. येथे नियम असा की, वर्तमानकाळाचे 'मी'चे रूप घ्यावे, त्याच्या शेपटीचा 'ओ' छाटावा, आणि आर-कुळाला एर-कुळाचा स्वर, व एर-इर कुळांना आर-कुळाचा स्वर जोडावा. आब्लो, आब्ले, कोमो, कोमा, बिबो, बिबा. दोन घराण्यांनी एकमेकांच्या घरात मुली द्याव्यात आणि हुंड्याचा प्रश्न परस्पर मिटवावा, त्याला आपल्याकडे साटेलोटे म्हणतात. तसे हे स्वरांचे साटेलोटे आहे. ते स्पॅनिशांनी केलेले नसून दोन हजार वर्षांपूर्वी लॅटिनमध्येच ठरलेले आहे: तिथेही पहिल्या कुळाच्या विध्यर्थात 'ए' येई आणि बाकीच्यांच्या विध्यर्थात 'आ'. मुलांनी फक्त पणजोबांचा करार पाळला आहे.

हा नियम देवनागरीत लिहिला की सगळे गूढ निघून जाते, आणि उरतो तो काना-मात्रेचा व्यवहार: जिथे काना होता तिथे मात्रा द्यावी, जिथे मात्रा होती तिथे काना ओढावा. मी शंभर पानी वही आखून घेतली, सहा रकाने पाडले, आणि लहानपणी पाढे घोकले तसे घोकू लागलो: आब्ले, आब्लेस, आब्ले, आब्लेमोस, आब्लेइस, आब्लेन, कोमा, कोमास, कोमा, कोमामोस, कोमाइस, कोमान. पाचवा रकाना स्पेनमध्ये लागतो. लॅटिन अमेरिकेत तो रिकामा सोडतात आणि सहाव्यावर दोघांचे भागवतात. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना आणखी एक खटाटोप असतो: 'बुस्कार' म्हणजे शोधणे, याचा 'आ' जाऊन 'ए' आला की 'क'साठी लिहिलेले अक्षर 'थ' किंवा 'स' बोलू लागते, म्हणून ते अक्षर हाकलून दुसरी दोन अक्षरे आणावी लागतात. आमच्या बाराखडीत 'का'चा 'के' होताना 'क' जागचा हलत नाही. या मुद्द्यावर मी वर्गात पाच मिनिटे बोललो. बाईंनी घड्याळाकडे पाहिले.

घोकंपट्टीचा उपद्रव घरात जाणवू लागला. एका सकाळी पोहे पुढे ठेवून सौभाग्यवती उभी असता मी आदराने "कोमा, उस्तेद, कोमा" म्हणजे "आपण खावे, खावे" असे म्हणालो, तर तिने तातडीने रक्तदाबाचे यंत्र आणले. पुढे तिलाही सवय झाली. विध्यर्थाचा दुसरा नियम तिनेच मला सोदाहरण पटवला. नियम असा: इच्छा करणारा आणि कृती करणारा एकच असेल तर साधे क्रियापद चालते, 'मला खायचे आहे' यात विध्यर्थ नाही. इच्छा एकाची आणि कृती दुसऱ्याची, असे झाले की विध्यर्थ आलाच: 'किएरो के कोमास', तू खावेस असे मला वाटते. मराठीतही नेमके हेच: 'मला जेवायचे आहे', पण 'तू जेवावेस'. दुसऱ्याने काय करावे याविषयी इच्छा बाळगणे हा गृहिणीधर्म असल्याने, आमच्या घरात विध्यर्थाचा वापर किती होतो हे मी एक दिवस मोजायला बसलो. दुपारी बारापर्यंतच पान भरले, आणि दुपारनंतर वही बाजूला ठेवून भाजी आणावी असा आदेश झाला. 'कोमास'च्या शेवटी 'स', 'जेवावेस'च्याही शेवटी 'स'; 'तू' म्हटले की दोन्ही भाषांना 'स' सुचावा, हा मेळ मला फार प्रेमळ वाटला.

मराठी माणसाने या रूपाला भिण्याचे वास्तविक कारण नाही. वेदांत असे एक रूप होते; पाणिनीने त्याला 'लेट्' म्हटले आणि ते छंदात, म्हणजे वेदवाणीत, चालते अशी मर्यादा घातली. लौकिक संस्कृतातून ते गेले, परंतु विध्यर्थी लिङ् आणि आज्ञार्थी लोट् यांनी त्याचा कारभार सांभाळला. मोरो केशव दामल्यांच्या 1911 सालच्या व्याकरणात आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ यांचा जो पाल्हाळिक ऊहापोह आहे, तो वाचलेल्या माणसाला सुबखुन्तिबो म्हणजे दूरचा आतेभाऊ वाटतो. आणि ज्या समाजाच्या सर्वांत लाडक्या प्रार्थनेतली, म्हणजे पसायदानातली, बहुतेक क्रियापदे घडलेले काही सांगत नाहीत, केवळ सांडो, वाढो, लाहो असे मागतात, त्या समाजाला इच्छेचे व्याकरण परके कसे असेल?

एवढी तयारी करून मी माद्रिदला गेलो, आणि पहिल्याच आठवड्यात जिन्यात घसरलो. पायाने नव्हे, मात्रेने.

समोरच्या घरात ऐंशी उलटलेल्या एक आजीबाई राहतात. त्या रोज सकाळी चाकांची पिशवी ओढत बाजाराला जातात, आणि वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाशी दोन मजल्यांइतके बोलतात. एकदा त्यांनी माझ्या नोकरीची चौकशी केली. मी सांगितले की, चौतीस वर्षांत मी एकदाही बिनपगारी रजा घेतली नाही. त्यांनी भुवया वर केल्या. आता 'आपण माझ्यावर विश्वास ठेवावा' हे म्हणणे प्राप्त होते. विश्वास ठेवणे म्हणजे 'क्रेएर', एर-कुळ, मात्रेचा काना, म्हणून 'किएरो के मे क्रेआ'. परंतु ऐन वेळी माझा हात काना ओढण्याऐवजी मात्रेकडे गेला, आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "किएरो के मे क्रेए."

वाचकांस येथे खुलासा करणे अवश्य आहे. स्पॅनिशमध्ये 'क्रेआर' असे दुसरे एक क्रियापद आहे, आणि त्याचा अर्थ निर्माण करणे. 'मी विश्वास ठेवतो' आणि 'मी निर्माण करतो' या दोहोंचे रूप एकच: क्रेओ. पुढे दोघांची वाट फुटते, पण एकाचा स्वार्थ तो दुसऱ्याचा विध्यर्थ आणि दुसऱ्याचा स्वार्थ तो पहिल्याचा विध्यर्थ, असा त्यांचा व्यवहार आहे. साटेलोट्याचे इतके तंतोतंत उदाहरण मला वधूवरसूचक मंडळांतही आढळले नाही. विश्वास आणि निर्मिती यांचे अद्वैत सिद्ध करण्यासाठी आमच्याकडे भाष्यांचे खंड लिहावे लागले असते; स्पॅनिशने ते काम एका काना-मात्रेत उरकले. सारांश, एका ऐंशी वर्षांच्या परस्त्रीस मी भर जिन्यात, अत्यंत आदरार्थी रूपात, अशी विनंती केली होती की, आपण मला निर्माण करावे.

आजीबाईंनी पिशवी पायरीवर टेकवली. मला नखशिखान्त न्याहाळले. मग गंभीरपणे म्हणाल्या की, सेन्योर, त्याला आता उशीर झाला. ते काम आपल्या मातोश्रींनी केलेले दिसते, आणि बरे केलेले दिसते. माझी नात कठड्यामागे उभी होती. त्या संध्याकाळी बाहुलीला काय सांगितले गेले, ते मला शब्दशः समजले. शिकवणीच्या फीचे पैसे वसूल झाले, हीच काय ती जमेची बाजू.

परंतु या प्रसंगाने कान उघडले, आणि मला चहूकडे विध्यर्थ ऐकू येऊ लागला. जेवणाऱ्या अनोळखी माणसाजवळून जाताना लोक म्हणतात, 'के आप्रोबेचे': अंगी लागावे. आजाऱ्याला 'के ते मेखोरेस': तू बरा व्हावास. वाढदिवसाला 'के कुम्प्लास मुचोस मास': अशीच पुष्कळ वर्षे पुरी करावीस. रात्री निजताना 'के देस्कान्सेस': विश्रांती मिळावी, आणि हेच क्रियापद थोड्या बदलाने मृत्यूच्या सूचनेवर आणि थडग्यावर: 'के एन पाथ देस्कान्से', शांततेत विसावो. जन्मदिवसापासून थडग्यापर्यंत माणसाची पाठराखण हे एकच रूप करते.

आणि 'विवा'! मेक्सिकोत 1810 साली मिगेल इदाल्गो या पाद्र्याने दोलोरेस गावी घंटा वाजवून बंडाची हाक दिली. तिच्या स्मरणार्थ दर वर्षी 15 सप्टेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जातून 'विवा मेहिको' अशी गर्जना करतात आणि खालचा जनसागर ती झेलतो. ते दुसरे तिसरे काही नसून 'बिबिर'चा विध्यर्थ आहे: मेक्सिको जगो. स्पॅनिश माणूस त्याचा उच्चार 'बिबा' करतो, आणि दुसऱ्याच्या कार्यात बिबा घालणे हा ज्याच्या भाषेतला वाक्प्रचार, त्या माणसाला तो जयघोष ऐकताना क्षणभर धाकधूक होते. पोर्तुगीज भाषेतही हे रूप हेच आहे. म्हणून गोव्यात 24 जूनला सांजावच्या दिवशी डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या टाकणारे तरुण जेव्हा 'विवा सांजाव' म्हणून ओरडतात, तेव्हा तेही, पाण्यात पडण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या क्षणात, एक निर्दोष विध्यर्थ चालवीत असतात. पुण्यातल्या आमच्या वर्गाला मात्र त्याच रूपासाठी पंखा, फळा आणि अडीच महिने लागले.

याच क्रियापदाची एक कडू आठवणही स्पेनच्या इतिहासात आहे. 1814 साली सातवा फेर्नान्दो राजा परत आला आणि त्याने राज्यघटना मोडीत काढली, तेव्हा त्याच्या अनियंत्रित सत्तेवर खूश झालेल्या लोकांनी 'बिबान लास कादेनास' असा घोष केला: बेड्या चिरायु होवोत. बेड्या अनेक, म्हणून 'बिबा' नव्हे, 'बिबान'. स्वातंत्र्य गमावतानाही त्या गर्दीचे वचन चुकले नाही, यावरून व्याकरण आणि शहाणपण ही दोन स्वतंत्र खाती आहेत, हे स्पष्ट होते.

मला सर्वांत आवडलेला शब्द 'ओहाला'. हा नुसता उच्चारला की मागून विध्यर्थ हात जोडून येतो; दुसरे रूप त्याला चालतच नाही. त्याचा अर्थ 'असे घडो', आणि त्याचे मूळ अरबी: अल्लाने इच्छिले तर. 711 साली आलेली मुसलमानी सत्ता 1492 मध्ये ग्रानादा पडल्यावर संपली. त्याच वर्षी नेब्रिहा या पंडिताने कास्तिली भाषेचे पहिले छापील व्याकरण राणी इसाबेलला अर्पण केले. राज्य गेले, व्याकरण आले, पण ओहाला हलला नाही. आमच्याकडेही शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देवविले, तरी अरबीतून फारसीमार्गे आलेले 'अर्ज' आणि 'हुकूम' आपापल्या गादीवर कायम राहिले. राजांच्या बदल्या होतात. शब्द कायम नोकरीत असतात. आम्ही त्यांच्याकडून अर्ज ठेवून घेतला, स्पॅनिशांनी ईश्वरेच्छा ठेवून घेतली. दोहोंचा निकाल लागण्यास लागणारा वेळ साधारण सारखाच.

वेळेवरून लारा आठवतो. मारियानो होसे दे लारा या विनोदी लेखकाने 1833 साली एक निबंध लिहिला. त्याचे नावच 'बुएल्बा उस्तेद मान्याना', म्हणजे 'आपण उद्या यावे'. पंधरा दिवसांत सगळी कामे उरकून जाऊ असा हिशेब करून माद्रिदला आलेल्या एका फ्रेंच गृहस्थास जो तो हेच उत्तर देतो, आणि सहा महिन्यांनी तो हात हलवीत परत जातो. मुलीच्या घरी हा निबंध मी कोश घेऊन वाचला, आणि लाजेने माझे कान तापले. कारण 'उद्या या' असे उद्धटपणे मी आयुष्यात कुणालाही म्हटलेले नाही, मी नेहमी 'उद्या यावे' असेच म्हणत आलो आहे. 'यावे'ची ती मवाळ झूल पांघरली की हेलपाटा मारणाऱ्यालाही आपला सन्मान झाल्यासारखे वाटते, ही आमच्या खात्यातली जुनी विद्या. 'उस्तेद' हा शब्दच मुळी 'आपली कृपा' अशा अर्थाच्या संबोधनाचा झिजलेला अवशेष आहे, आणि म्हणून त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी चालते: आमच्या 'रावसाहेबांनी बसावे'सारखे.

परतीच्या आधी एका क्षुल्लक दाखल्यासाठी मुलीबरोबर तिथल्या एका कार्यालयात जाण्याचा योग आला. पाऊण तास रांगेत काढल्यावर काचेपलीकडच्या कारकुनाने कागद चाळले, चष्मा वर केला, आणि म्हणाला, "बुएल्बा उस्तेद मान्याना." मुलगी संतापली. मी मात्र मनातल्या मनात तपासणी करीत होतो: क्रियापद एर-कुळातले, धातूचे पोट जरा फुगलेले, पण शेपटीला मात्रेचा काना, संबोधन आदरार्थी, पुरुष तृतीय, सर्व काही बिनचूक. आयुष्यात प्रथमच एक विध्यर्थ मला ऐकताक्षणी, भाषांतर न करता, समजला होता. मी वाकून त्याचे आभार मानले. त्यानेही मला ओळखले असावे, धंद्यातला माणूस म्हणून. कारण दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दाखला तयार होता.

हा सारा वृत्तान्त शब्दशः खरा असून वाचकांनी माझ्यावर विश्वास ठेवावा, अशी विनंती आहे. ही विनंती मी मुद्दाम मराठीतच करीत आहे.